मराठी पुस्तकं? खेळण्यांच्या मागे बघा

ग्रंथपालाला सोबत घेऊन पुस्तकांच्या दुकानात जाऊ नये, असं माझी भाची म्हणते. मी आत शिरले की पुस्तकांच्या आधी फळ्या बघते. काय कशाशेजारी ठेवलंय, पाट्या कसल्या लावल्यात, उलटं घातलेलं पुस्तक कुठलं. हात आपोआप ते सरळ करायला जातो. कॉलेजच्या ग्रंथालयात निम्मं आयुष्य काढल्यावर ही खोड सुटत नाही. त्यामुळे मॉलमधल्या साखळी दुकानांबद्दल मी जी कुरकुर करते तिच्यात थोडी धंद्याची कुरकुर आहे, हे आधीच सांगून टाकते. उरलेली मात्र साध्या गिऱ्हाइकाची आहे.

दुकान मुंबईच्या एका उपनगरातलं, एका मोठ्या साखळीतलं. बाहेर पाटी मराठीत, चांगली ठळक. ती कायद्याने आली आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली, मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत असं ठरलं. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०२३ च्या सप्टेंबरात न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या बदला असं सांगितलं. कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. आत काय विकायचं ते तो सांगत नाही, सांगूही नये.

आत शिरल्यावर प्रथम लागतात पाण्याच्या बाटल्या. मग शाळेची दप्तरं, मग बोर्डगेम, मग सुगंधी मेणबत्त्या. त्यानंतर एक टेबल, आणि त्यावर विमानतळावरच्या दुकानात असतात तीच पुस्तकं: सवयी कशा लावाव्यात, पैसा कसा वाढवावा, जपानी माणूस शंभर वर्षं कसा जगतो. मराठी विभाग कुठे दिसेना म्हणून रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, ‘‘खेळण्यांच्या मागे बघा, ताई.’’ त्या दुकानात मला मिळालेलं नेमकं उत्तर तेवढंच.

खेळण्यांच्या मागे दोन कपाटं होती आणि वर पाटी ‘रीजनल’. इथे माझ्यातली ग्रंथपाल बिथरते. ग्रंथालयात मराठीचा कक्ष वेगळा असला तरी त्याच्या आत पुस्तकं विषयानुसार लागतात. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ खाली येतं, पण झाडांवरचं मराठी पुस्तक ५८२ मध्ये जातं, स्वयंपाकाचं ६४१.५ मध्ये आणि ज्योतिषाचं १३३.५ मध्ये. इथे इंग्रजीला चरित्र, इतिहास, प्रवास, विज्ञान, बालवाङ्मय असे वेगवेगळे कोनाडे आणि मराठीला विषय एकच, तो म्हणजे मराठी. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ ‘मृत्युंजय’ला टेकून उभी होती, तिच्या पलीकडे वार्षिक राशिभविष्य, त्याच्या पलीकडे इंग्रजी यशोमंत्रांचे मराठी अनुवाद. खालच्या फळीवर दोन गुजराती पुस्तकंही होती, बहुधा वाट चुकलेली.

जे होतं ते वाईट नव्हतं. ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, पु. ल., व. पु. घरात कुणी मराठी वाचत नसलं तरी आहेर म्हणून देता येतील अशी ही खात्रीची नावं. पण गेल्या पाच-सात वर्षांत मराठीत कोण काय लिहितंय, याचा त्या दोन कपाटांवरून पत्ता लागत नव्हता. कवितेचं पुस्तक एकही नव्हतं. दिवाळीत दुकानात पणत्या होत्या, दिवाळी अंक नव्हते. आणि जागाच नसते असंही नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट लागला तेव्हा शिवाजी सावंतांच्या कादंबरीची थप्पी थेट पुढच्या टेबलावर येऊन बसली होती. पुढे आणायचं ठरवलं की मराठी पुस्तक पुढे येतं.

मला हवं होतं इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. भाचीच्या मैत्रिणीला महाभारतावर काहीतरी वाचायचं होतं आणि या पुस्तकापासून सुरुवात करावी असं माझं मत. हे काही कोपऱ्यातलं दुर्मीळ पुस्तक नव्हे. १९६७ सालचं, १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं, आणि स्वतः कर्व्यांनी ज्याची इंग्रजी आवृत्तीही लिहिली असं पुस्तक. काउंटरवर वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा होता, अगदी नम्र.

‘‘स्पेलिंग, मॅम?’’

‘‘मराठी पुस्तक आहे रे.’’

‘‘हां मॅम, पर सिस्टम में इंग्लिश में ही डालना पड़ता है.’’

मग आम्ही दोघं त्या पडद्यावर वाकलो. वाय, यू, जी, ए, एन, टी. काही नाही. शेवटी आणखी एक ए लावला तर इंग्रजी आवृत्ती उगवली, मायथॉलॉजीच्या फळीवर, एक प्रत. मधला ए दोनदा टाकून बघितला. काही नाही. ‘‘ऑथर के नाम से देखते हैं,’’ तो म्हणाला. इरावतीच्या मधल्या अक्षराला कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू, आणि शेवटी कुणी आय तर कुणी दोन ई. शिवाय काही नोंदींत आडनाव आधी, काहींत नंतर. त्या संगणकात इरावती कर्वे तीन वेगवेगळ्या बायका होऊन बसल्या होत्या. त्यांतल्या तिसरीच्या नावावर अखेर मराठी ‘युगान्त’ सापडलं. साठा: दोन.

आम्ही दोघांनी दोन्ही कपाटं खालीवर पालथी घातली. पुस्तक नव्हतं. त्याने मायथॉलॉजी बघितलं, मी उगाच राशिभविष्याच्या मागे हात घालून बघितला. मोठ्या दुकानांत हे नेहमीचं आहे. कुणी उचललेलं पुस्तक दुसरीकडे ठेवलं जातं, काही चोरीला जातात, काही परत पाठवलेली खात्यातून कमी करायची राहून जातात. आमच्याकडे दरवर्षी साठा पडताळणी व्हायची. ॲक्सेशन रजिस्टर उघडून एकेक नोंद फळीवरच्या पुस्तकाशी ताडून बघायची. सगळ्यांना त्या कामाचा कंटाळा यायचा, पण नंतर वर्षभर ‘आहे’ म्हटलं की पुस्तक हातात देता यायचं.

‘‘मागवून द्याल का?’’ मी विचारलं.

‘‘मॅम, ऑर्डर हेड ऑफिस से आता है. आप ऑनलाइन देख लो ना, जल्दी मिलेगा.’’

या उत्तरावर मी चिडायला हवं होतं, पण त्याच्यावर चिडून काय उपयोग? तो दप्तरं विकतो, बिलं करतो, मुलांनी फोडलेल्या खेळण्यांचे तुकडे उचलतो. आलेल्या गिऱ्हाइकाला काय हवं होतं आणि ते का मिळालं नाही, हे लिहून ठेवायला त्याच्याकडे वहीसुद्धा नाही. चौकशी झाली, पुस्तक नव्हतं, गिऱ्हाईक परत गेलं, याची कुठेच नोंद होत नाही. आणि मग वर्षअखेरीस आकडे सांगतात की मराठीला मागणी नाही.

माझ्या ओळखीचे एक छोटे मराठी प्रकाशक आहेत. मोठ्या साखळीशी व्यवहार कसा चालतो ते त्यांनी मला एकदा समजावलं. सगळ्या शाखांची खरेदी एका ठिकाणाहून होते. प्रकाशकाला किंवा त्याच्या वितरकाला तिथे नोंदणी करावी लागते. पुस्तकाला तेरा आकडी आयएसबीएन आणि त्याचा बारकोड हवा, नाहीतर बिल करणारं यंत्र पुस्तकाला ओळखतच नाही. आपल्याकडे हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था फुकट देते, तरी जुन्या आवृत्त्यांवर आणि कितीतरी लहान प्रकाशनांवर तो नसतो. हा दोष मात्र साखळीचा नाही, आपल्या प्रकाशकांच्या आळसाचा आहे.

पुढचं गणित जास्त बोचरं. समजा पुस्तक तीनशे रुपयांचं. चाळीस टक्के वटाव धरला तर एकशेवीस रुपये दुकानाचे, आणि उरलेल्या एकशेऐंशीत लेखक, छपाई, कागद, वाहतूक आणि वितरक बसवायचे. मराठी आवृत्ती बहुतेकदा हजाराची, आता पुष्कळदा पाचशेचीच. साखळीने चाळीस दुकानांना तीन-तीन प्रती मागितल्या तर एकशेवीस प्रती गेल्या, म्हणजे पाचशेच्या आवृत्तीतला जवळजवळ चौथा हिस्सा. पैसे मिळणार विकल्यावर, तेही काही महिन्यांनी. न विकलेलं परत. विका नाहीतर परत पाठवा ही पद्धत मूळची अमेरिकेतली, १९३० च्या दशकातल्या मंदीत दुकानदारांनी पुस्तकं घ्यावीत म्हणून प्रकाशकांनी रुजवलेली. तिकडे पन्नास हजारांच्या आवृत्तीत ती खपून जाते. इकडे परत आलेल्या प्रतींवर सवलतीचे स्टिकर असतात, आणि ते खरवडले की मुखपृष्ठाचा रंगही बरोबर निघून येतो. माझ्या ओळखीच्या त्या प्रकाशकांनी एक-दोनदा माल दिला आणि हात जोडले. ‘‘दादरच्या दुकानात दहा प्रती देतो, दहा विकल्या की फोन येतो,’’ ते म्हणाले. ‘‘मला एवढंच झेपतं.’’

मग दुकानं बाटल्या-दप्तरांनी का भरतात? नफा जास्त, हे सरळ उत्तर आहेच, पण त्यात कराची एक गोम आहे जी फारशी कुणी बोलत नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. वाचकाला हे बरंच आहे. पण मॉलच्या गाळ्याच्या भाड्यावर अठरा टक्के जीएसटी असतो. खेळणी विकणारा दुकानदार भाड्यावर भरलेला हा कर खेळण्यांवर गोळा केलेल्या करातून वळता करून घेतो. पुस्तकं करमुक्त, म्हणून त्यांच्या वाट्याला येणाऱ्या भाड्यावरचा कर वळता होत नाही, तो दुकानदाराच्या खिशातून जातो. म्हणजे त्याच फळीवर पुस्तकाऐवजी बाहुली ठेवली की भाडं आपोआप स्वस्त पडतं. पुस्तकाला करमुक्त करून आपण त्याचा मान राखला, आणि त्याच मानापायी ते मागच्या कपाटात गेलं.

हे सगळं असंच चालायचं, असं मात्र मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये वॉटरस्टोन्स ही मोठी साखळी २०११ च्या सुमारास गटांगळ्या खात होती. त्याच वर्षी अमेरिकेत बॉर्डर्स ही साखळी पूर्ण बंद पडली. वॉटरस्टोन्सची सूत्रं जेम्स डॉन्ट नावाच्या माणसाकडे आली. हा आधी बँकेत होता, मग १९९० मध्ये त्याने लंडनमध्ये स्वतःचं पुस्तकांचं दुकान काढलं. तिकडे दर्शनी टेबलावर आणि खिडकीत पुस्तक मांडण्यासाठी प्रकाशक साखळीला पैसे मोजत. म्हणजे ‘या महिन्याची निवड’ ही दुकानाची निवड नसून जाहिरातीची जागा असे. डॉन्टने ते पैसे घेणं बंद केलं. आणि काय ठेवायचं, कुठे मांडायचं, हे शाखेतल्या माणसांवर सोपवलं. परतीचा माल झपाट्याने घटला, कारण प्रत्येक दुकान आपल्या गावात जे खपतं तेच मागवू लागलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबलचाही कारभार त्याच्याकडे आला आणि तिथेही त्याने हेच केलं. आकुंचन पावत चाललेली ती साखळी आता दरवर्षी डझनांनी नवी दुकानं उघडते आहे. यात जादू नाही. फळीसमोर उभ्या असलेल्या माणसाला फळीबद्दल बोलायचा अधिकार दिला, एवढंच.

आपल्या साखळी दुकानांनी काही चांगलं केलंच नाही असंही नाही. १९८७ मध्ये चेन्नईत लँडमार्क सुरू झालं, १९९२ मध्ये मुंबईत क्रॉसवर्ड. त्याआधीची बरीच मराठी दुकानं मला आठवतात. मध्ये काउंटर, पलीकडे मालक, त्यांच्या मागे पुस्तकं. ‘कुठलं पाहिजे?’ या प्रश्नाला नाव-लेखक-प्रकाशक असं तयार उत्तर द्यावं लागे. नुसतं चाळायला आलेय म्हणायची सोय नव्हती. बाई माणसाने तासभर रेंगाळणं तर दूरच. साखळीच्या दुकानात पुस्तक हातात घेता येतं, जमिनीवर बसून मुलं अर्धं वाचून काढतात, कुणी हटकत नाही, आणि स्वच्छतागृह असतं. पन्नाशीच्या पुढच्या बाईला शेवटची गोष्ट किती मोठी वाटते, ते पुरुष वाचकांना कदाचित कळणार नाही.

पण जुन्या दुकानांतल्या त्या काउंटरमागच्या माणसाने पुस्तकं वाचलेली असत. मुंबईत टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका छोट्या जागेत पुस्तकं विकायला सुरुवात केली. पुढे फोर्टात गेलेल्या त्यांच्या स्ट्रँड बुक स्टॉलमध्ये हमखास सवलत मिळायचीच, शिवाय ‘हे घेऊ नका, त्यापेक्षा ते घ्या’ असं सांगणारी माणसं होती. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारीत दुकान बंद झालं. मॅजेस्टिकही गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमाशेजारचाच स्टॉल. केशवराव कोठावळे यांनी तिथून मराठी पुस्तकांचा केवढा पसारा उभा केला. दोन्ही दुकानांनी थिएटरांची नावं घेतली आणि त्या थिएटरांपेक्षा मोठं नाव केलं. आजची साखळी दुकानंही मल्टिप्लेक्सच्या शेजारीच असतात. सिनेमाला आलेली गर्दी पुस्तकांकडे वळवायची युक्ती काही नवी नाही.

भाचीच्या मैत्रिणीसाठी ‘युगान्त’ मी शेवटी दादरच्या एका दुकानात फोन करून मागवलं. फोनवरच्या गृहस्थांनी स्पेलिंग विचारलं नाही. ‘‘आहे. आणि ‘व्यासपर्व’ वाचलंय का त्यांनी? दुर्गाबाईंचं? ते पण देऊ?’’ असं विचारलं. म्हणजे एकाच्या जागी दोन पुस्तकं खपली. विक्रीकौशल्य यालाच म्हणतात, आणि ते शिकवायला कुठल्या प्रशिक्षण शिबिराची गरज पडत नाही.

बिलाच्या रांगेबद्दल थोडक्यात सांगते, कारण हा त्रास पुस्तकांपुरता नाही. मॉलमधल्या त्या दुकानात भाचीसाठी दुसरं एक पुस्तक घेतलं, तर आधी मोबाइल नंबर मागितला. नको म्हटल्यावर यंत्र पुढे सरकेना. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या मे महिन्यातच दुकानदारांना सांगितलं आहे की नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करू नका. हे मी शांतपणे सांगितलं. मॅनेजर आला, त्याने कुठलासा आकडा दाबला आणि बिल निघालं. म्हणजे निघत होतं. मग पिशवीचे पैसे. काउंटरवर आल्यावर अचानक पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० च्या डिसेंबरात एका मोठ्या किरकोळ साखळीविरुद्ध दिला होता. एवढं सगळं एका संध्याकाळी भांडायचं नसतं, म्हणून मी पुस्तक काखेत मारलं आणि निघाले.

आता वाचकांसाठी कामाचं. साखळी दुकानात मराठी पुस्तक घ्यायचं असेल तर घरून निघतानाच त्याचा आयएसबीएन कागदावर लिहून न्या. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर तो मिळतो, किंवा ओळखीच्या कुणाकडे प्रत असेल तर मागच्या मुखपृष्ठावर बारकोडच्या वर छापलेला असतो. भारतीय पुस्तकांचा आकडा ९७८ ने सुरू होतो आणि पुढे बहुधा ८१ किंवा ९३ येतं. नावाचं स्पेलिंग चुकतं, तेरा आकडे चुकत नाहीत. पुस्तक नसेल तर मॅनेजरला बोलावून मागणी लेखी द्या: पुस्तकाचं नाव, प्रकाशक, क्रमांक, तारीख. एकाने दिली तर ती कचऱ्यात जाईल. एका महिन्यात पंधरा जणांनी दिली तर ती हेड ऑफिसला पाठवावी लागेल, कारण मॅनेजरलाही विक्रीचा आकडा दाखवायचा असतो. तोवर दादर, गिरगाव, पुण्याचा अप्पा बळवंत चौक किंवा तुमच्या गावात जे मराठी पुस्तकांचं दुकान उरलं असेल तिथे फोन करा. बहुतेक जण आता पुस्तक घरपोच पाठवतात.

आणि साखळ्यांच्या मालकांना एक विनंती. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा तुमच्या दुकानांतून अभिनंदनाचे फलक लागले होते. फलक पुरे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाखेत मराठी वाचणारा एक माणूस नेमा, आणि दरमहा पन्नास मराठी पुस्तकं हेड ऑफिसला न विचारता मागवायची मुभा त्याला द्या. कवितेची दोन त्यात असू द्या.